परतीचे तिकीट नसलेली बाटली

रविवारी सकाळी सिंहगडाच्या पुणे दरवाज्यातून आत शिरले की दम खाण्याच्या आतच हाक येते, "मडक्यातलं दही घ्या, ताई. गोड आहे, घ्या." टोपलीत ओल्या फडक्याखाली मुठीएवढी मडकी ओळीने मांडलेली असतात. साखर हवी की मीठ, एवढाच काय तो प्रश्न. दही खाऊन झाले की मडके तिथेच ठेवायचे. दहीवाली ते उचलते आणि रिकाम्या टोपलीत घालते. घरी गेल्यावर ते धुतले जाते, उन्हात वाळते आणि रात्री त्याच मडक्यात पुन्हा विरजण लागते. फुटलेच तर खापऱ्या होतात, आणि खापरी काय, शेवटी मातीच.

तिथेच चार पावलांवर पाण्याच्या बाटल्यांची रास असते. दही खाल्ल्यावर आपण त्यातली एक विकत घेतो. निम्मी पितो, निम्मी मुलांच्या हातावर ओततो, आणि मग ती हातात धरून कचऱ्याचा डबा शोधू लागतो. डबा असतो, नाही असे नाही. पण रविवारी अकराच्या सुमारास तो काठोकाठ भरून वाहत असतो. आपण बाटली त्याच्या शेजारी नीट उभी करून ठेवतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. वारा तिला तटाच्या कडेपर्यंत नेतो. पुढचे काम दरी करते.

दोन्ही वस्तू एकाच उन्हात, एकाच गिऱ्हाइकाला विकल्या गेल्या. मग एक परत का गेली आणि दुसरी का गेली नाही? मडके घेणारा माणूस सुसंस्कृत आणि बाटली घेणारा बेशिस्त, असे म्हणावे तर दोन्ही घेणारे आपणच. फरक माणसात नाही, व्यवहारात आहे. मडके विकलेले नसते, दही विकलेले असते. मडके हरवले तर दहीवालीच्या पदराला खार लागतो, म्हणून ती त्यावर नजर ठेवते. बाटली मात्र पाण्याबरोबरच विकली जाते. ती विकल्यावर कंपनीची नसते, टपरीवाल्याची नसते, आणि दोन घोट प्यायल्यावर आपलीही नसते. जिचा कोणीच धनी नाही, ती वस्तू परत येईल कशी?

हल्ली परिसंवादांतून आणि सरकारी कागदांतून 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द फार ऐकू येतो. पर्यटनाच्या संदर्भात तर तो हमखास येतो. शब्द जड आहे, पण आशय दहीवालीच्या टोपलीएवढाच आहे. वस्तू घ्यायची, वापरायची आणि फेकायची, ही सरळ रेषा मोडून तिची दोन टोके जोडायची. म्हणजे टाकाऊ म्हणून जे उरते ते कोणाच्या तरी कामाला पुन्हा लागले पाहिजे.

ही कल्पना जगभर पोहोचवण्यात एलन मॅकआर्थर या इंग्रज बाईंचा मोठा वाटा आहे. गंमत म्हणजे त्या अर्थशास्त्रज्ञ नव्हेत, खलाशी आहेत. २००५ मध्ये त्यांनी एकटीने शिडाच्या बोटीतून ७१ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तेव्हाचा विक्रम मोडला. बोटीवर जेवढे अन्न, जेवढे इंधन, तेवढेच आपले जग. संपले की संपले, भर समुद्रात कोपऱ्यावरचे दुकान नसते. या अनुभवातून आपले सारे जगच अशी एक बोट आहे हे त्यांच्या मनाने घेतले, आणि पुढे २०१० मध्ये त्यांनी याच विचाराच्या प्रसारासाठी एक संस्था काढली.

मराठी माणसाला हे समजण्यासाठी समुद्रात जाण्याची गरज नाही. वेढा पडलेला डोंगरी किल्ला म्हणजे दुसरे काय असते? तीही एक बोटच, फक्त सह्याद्रीच्या माथ्यावर अडकलेली. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. तिथे जे न्यायचे ते माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवरून. म्हणून गड बांधणाऱ्यांनी एका कामात दोन कामे साधली. तटाला दगड हवा म्हणून कातळ फोडला आणि फोडलेल्या जागेचे पाण्याचे टाके केले. खाणीचा खड्डा वाया गेला नाही आणि दगड खालून वाहून आणावा लागला नाही.

कचऱ्याचाही विचार झालेला होता. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. राज्यकारभाराची ती वस्तुपाठाची वही आहे म्हणा ना. त्यात गडांच्या प्रकरणात अमात्यांनी केरकचऱ्यावरही लिहिले आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाच्या कडेने केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली ढकलू नये. तो जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि तिच्यावर घरोघर भाजीपाला करावा, अशी ती आज्ञा आहे. 'गडाखाली टाकू नये' हे त्यांना मुद्दाम लिहावे लागले, यावरून तेव्हाही कोणी तरी टाकतच असणार! पण त्यावरचा उपाय पाहा. केराचे काय करायचे हे सांगून अमात्य थांबत नाहीत. राखेचे काय करायचे आणि त्यातून काय उगवायचे इथपर्यंत ते जातात.

अर्थात, अमात्यांच्या काळचा केर म्हणजे पालापाचोळा, काटक्या, शेण आणि भुसा. आजचा केर जाळा म्हणून कोणी आज्ञापत्राचा दाखला देऊ लागला तर त्याला हात जोडून थांबवले पाहिजे. प्लास्टिक जाळले की त्याची राख परसात घालण्यासारखी नसते आणि धूर छातीत घेण्यासारखा नसतो. दुर्दैवाने आपल्या कित्येक पर्यटनस्थळांच्या मागच्या अंगाला संध्याकाळी नेमके हेच चालते.

मग आजचा केर जातो कुठे? दरीत गेलेला केर पावसाची वाट पाहतो. गडाच्या उत्तर उतारावरचे पाणी ओढ्यानाल्यांतून खडकवासल्याच्या जलाशयाकडे येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते आणि पुणे शहर मुख्यतः त्यावरच जगते. धरणांच्या काठाने वाढलेली हॉटेले, शेतघरे आणि वस्त्या यांचे सांडपाणी जलाशयात जाते, ही तक्रार वर्षानुवर्षे छापून येते. म्हणजे आपण रविवारी ज्या पाण्याच्या माथ्यावर जाऊन सहल करतो, ते पाणी सोमवारी आपल्याच नळाला येते. इतर शहरांतले प्रवासी दुसऱ्याच्या गावाला घाण करून घरी परततात. पुणेकरांना तेवढीही सोय नाही.

गडावर देवटाके नावाचे टाके आहे. महात्मा गांधी पुण्यास आले की या टाक्याचे पाणी मुद्दाम मागवून घेत, असे सांगतात. एके काळी गडाचे पाणी शहरात यायचे. आता शहरातून बाटलीबंद पाणी गडावर जाते, तेही पेट्रोल जाळून!

जो केर गोण्यांत भरून खाली येतो, त्याचीही कथा फार सुखाची नाही. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोत जात असे. शहर कोथरूडपर्यंत पोहोचले, नाके दाबली जाऊ लागली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे निघाला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे. फुरसुंगीकरांच्या विहिरी मात्र बिघडल्या. गावकऱ्यांनी पुढे कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहरात ढीग साचले आणि मगच पुणेकरांना त्या गावांची नावे नीट पाठ झाली. 'टाकून देणे' याचा खरा अर्थ 'दुसऱ्याच्या दारात टाकणे' असाच असतो, हे तेव्हा कळले. पण कळणे आणि वळणे यांत अंतर असते.

या सगळ्या प्रकरणात ज्यांना कचऱ्याचे खरे शास्त्र कळते त्या म्हणजे कचरावेचक बायका. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. त्यांच्यापैकी एखादीला गडाचा कचरा दाखवा. ती दोन मिनिटांत त्याचे दोन भाग करील. पाण्याची बाटली एका बाजूला, कारण ती भंगारवाला किलोवर घेतो आणि तिचा पुढे धागासुद्धा होतो. वेफरचे चकचकीत पाकीट दुसऱ्या बाजूला, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही, आणि वजन म्हणाल तर शंभर पाकिटे गोळा केली तरी तागडी हलत नाही. चंदेरी मुलाम्याच्या कागदी ताटल्यांचे तेच. पळसाची पत्रावळ गाय तरी तोंडात धरी. या ताटलीला गाय खात नाही, भंगारवाला घेत नाही आणि माती पचवत नाही.

गडावरच्या कचऱ्याचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. ज्या वस्तूला परतल्यावर किंमत आहे, तिच्या परतीची सोय करता येते. जिला किंमतच नाही, तिला वर जाऊच न देणे हा एकमेव शहाणपणाचा मार्ग. दोन्हींना एकच 'कचरा करू नका' ही पाटी लावून काही साधत नाही. आपल्याकडे पाट्या काही कमी नाहीत, पुण्यात तर नाहीतच.

परतीची सोय म्हणजे काय, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. सकाळी दुधाच्या केंद्रावर जाताना रिकाम्या काचेच्या बाटल्या पिशवीत खणखणत असत. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. गोटी सोड्याची बाटली दुकानाबाहेर न्यायची तर अनामत ठेवावी लागे. आमच्या घरी एकदा दुधाची बाटली फुटली तेव्हा दूध गेल्यापेक्षा बाटली गेल्याची चर्चा अधिक झाली होती! ती काटकसर होती, पर्यावरण वगैरे शब्द कोणाच्या ओठी नव्हते. पुढे पिशवी आली, तिच्याबरोबर सोय आली, आणि खणखणाट थांबला.

महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा थर्माकोलच्या ताटल्या आणि पातळ पिशव्यांवर बंदी आली. त्याच अधिसूचनेत परतीचीही तरतूद होती. पाण्याच्या बाटलीला एक-दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीला पन्नास पैसे परत मिळायचे होते. बंदीची चर्चा घरोघर झाली, दंडाच्या पावत्या फाटल्या. पण रिकामी बाटली दुकानदाराला देऊन दोन रुपये मोजून घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. परतीची किंमत कागदावर राहिली, कारण परत घेणारा माणूस कुठे बसणार, हे कोणी ठरवले नव्हते. शिवाय दोन रुपयांसाठी खिशात बाटली बाळगण्याचे दिवसही गेले.

जिथे हे नेटाने केले गेले, तिथे काय झाले? तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात, म्हणजे आपल्या ओळखीच्या उटीच्या परिसरात, प्रवासी दारूच्या बाटल्या जंगलात फेकत आणि फुटक्या काचांनी हत्तींचे पाय कापत. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दुकानांत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊ लागले. रिकामी बाटली आणून दिली की दहा रुपये परत. दहातल्या नऊहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. माणसे तीच, डोंगर तोच, बाटलीही तीच. बदलले ते एवढेच की रिकाम्या बाटलीला धनी मिळाला. ज्याने ती फेकली त्याचे दहा रुपये गेले, आणि ज्याने उचलली त्याला मिळाले. केदारनाथलाही २०२२ मध्ये पाण्याच्या बाटल्यांवर क्यूआर कोडची चिठ्ठी चिकटवून दहा रुपयांची अशीच अनामत सुरू झाली. गोव्याने २०२४ मध्ये अशी योजना अधिसूचित केली.

मात्र अनामत घेतली की सारे आपोआप होते, अशा भ्रमात राहू नये. नेपाळ सरकारने २०१४ मध्ये एव्हरेस्टवर जाणाऱ्या पथकांकडून चार हजार डॉलर अनामत घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक गिर्यारोहकाने किमान आठ किलो कचरा खाली आणला तर पैसे परत. पैसे परत दिले गेले, आणि कचरा वर राहिला! कारण आठ किलो म्हणजे कुठले आठ किलो, याचा नियमात पत्ता नव्हता. खालच्या तळावरचा कचरा उचलून वजन भरता येत होते; वरच्या तळांवरचा तिथेच राहिला. आपल्याकडच्या नियम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अनामत वजनावर नको, त्या त्या वस्तूवर हवी, आणि परत घेण्याची खिडकी माणूस जिथून घरी जातो त्या वाटेवर हवी. सिंहगडाच्या बाबतीत ती आतकरवाडीच्या पायथ्याशी आणि घाटरस्त्याच्या नाक्याशी. तिथे पैसे घेणारी माणसे आजही बसतातच. गाड्यांकडून शुल्क घेतले जाते. त्याच खिडकीतून दहा रुपये परत द्यायला काय अडचण आहे?

अडचणी आहेत, आणि त्या टपरीवाल्याच्या तोंडून ऐकाव्यात. "साहेब, बाटली नको म्हणता, मग गिऱ्हाइकाला पाणी काय देऊ?" हा त्याचा पहिला प्रश्न. टाक्यातले पाणी आज कोणी डोळे मिटून पिणार नाही. गाळून, शुद्ध करून नळावर देण्याची सोय सरकारने केली तरच घरून आणलेली बाटली तिथे भरली जाईल. दुसरे, एप्रिल-मे महिन्यात गडावर पाण्याची ओढ असते. मडकी धुवायला, ताटे घासायला पाणी लागते. स्टीलची ताटे वापरा म्हणणे सोपे आहे, ती घासणारीच्या घागरीत पाणी आहे का, हे आधी विचारले पाहिजे. चक्र फिरवायलाही खर्च येतो. तो सारा टपरीवाल्याच्या डोक्यावर टाकला तर तो दुसऱ्याच दिवशी चंदेरी ताटली काढील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

हा खर्च कोण देणार? सातारजवळचे कास पठार पाहावे. २०१२ मध्ये ते पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि फुलांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. मग भेट देणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आणि शुल्क आले, आणि व्यवस्थेत आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या आल्या. हंगामात गावची मुले-मुली तिथे वाटाडे आणि राखणदार म्हणून काम करतात. तिथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. कुंपणावरून वाद झाले, रविवारची गर्दी होतेच. पण प्रवाशाचा पैसा पठाराखालच्या गावात फिरतो, एवढे नक्की. आणि वस्तूंइतकाच पैसाही फिरावा लागतो. गडावर पिठले-भाकरी खाल्ली तर तो पैसा चुलीपाशी बसलेल्या बाईकडे राहतो आणि ताटातले खरकटे म्हशीपुढे जाते. तेवढ्याच पैशांची वेफरची पाकिटे घेतली तर गावाला उरते ती फक्त पाकिटे.

वस्तूंसारखाच प्रश्न वाहनांचा. मे २०२२ मध्ये सिंहगडावर खाजगी गाड्या बंद करून विजेवरच्या बस सुरू झाल्या होत्या. कल्पना उत्तम होती. पण घाटाची वळणे, सुट्टीची गर्दी आणि बसची संख्या यांचा मेळ बसेना, आणि काही दिवसांतच प्रयोग गुंडाळावा लागला. त्यानंतर घाटातल्या रांगा पूर्ववत झाल्या. फसलेला प्रयोग चुकीचा असतोच असे नाही. अर्धवट तयारीने केलेला चांगला प्रयोग अधिक नुकसान करतो, कारण पुढच्या वेळी "करून पाहिलं, जमत नाही" असे म्हणायला सारेच मोकळे होतात.

हे सारे आत्ताच बोलण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. सिंहगड त्या यादीत नाही, पण पुणेकरांनी सिंहगडाचे जे केले तेच उद्या या तीन किल्ल्यांचे होऊ शकते. कासचा अनुभव सांगतो की मानाच्या मागोमाग गर्दी येते. राजगडावर गाडी जात नाही. तिथे पोहोचलेली प्रत्येक बाटली कोणाच्या तरी पाठीवरून गेलेली असते, तेव्हा तिला पायथ्याशी मोजून सोडणे आणि मोजून परत घेणे हे सिंहगडापेक्षा कितीतरी सोपे आहे. गर्दी येण्याआधी हे केले तर होईल. टपऱ्या वसल्यावर, कंत्राटे दिल्यावर आणि सवयी लागल्यावर करू म्हटले तर सिंहगडासारखीच पुन्हा मोहीम, पोती आणि छायाचित्रे. दुर्गप्रेमी तरुण मंडळी सुट्ट्या घालवून ती पोती भरतात, त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण पुढच्या रविवारी तेवढीच पोती पुन्हा भरतात, हे त्यांनाही ठाऊक असते.

मागच्या खेपेला उतरताना पाच वाजून गेले होते. पुणे दरवाज्यापाशी दहीवाली टोपली आवरत होती. मडकी एकात एक बसत नाहीत, म्हणून ती शेजारी शेजारी लावून मनाशी मोजत होती. विचारले, "सगळी आली का परत?"

"दोन कमी हायेत. पोरं नेतात शोभेला, मातीची आवडत्यात त्यांना."

"मग काय करता?"

"काय करायचं? कुणी उचलताना दिसलं तर सांगते, न्या की, पण मडक्याचे येगळे पैसे. मग बघत्यात माझ्याकडं, आन् ठेवून जात्यात गुमान."

तिने टोपलीवर फडके टाकले, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पायवाटेने खाली निघाली.